मुलाला समुद्रावरच्या कॅम्पला पाठवू की घराजवळच्या नदीवर नेऊ? जरा सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीचं वर्ष, गेले आठ-नऊ महिने खोलीतून फारसा बाहेर येत नाही, मित्र तुटलेत, काही विचारलं की "काही नाही" नाहीतर दार आपटणं. राहायला सांगलीत, नदी दहा मिनिटांवर. लहानपणी काकांबरोबर पोहायला जायचा, पण २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हापासून घाटाकडे फिरकलेला नाही. आणि आता तुमच्या भावाने मालवणकडचा सात दिवसांचा कॅम्प सुचवलाय, पाण्यात पोरं मोकळी होतात, बदलून येतात म्हणून. पाठवू का, का घराजवळच काही करता येईल, असं विचारलंत.

मी कोल्हापूरला अठरा वर्षं या वयाच्या मुलांचं समुपदेशन करते आणि त्यातली तेरा-चौदा वर्षं मुलांना घेऊन रंकाळ्यावर, पंचगंगेवर आणि वर्षातून दोनदा मालवणच्या किनाऱ्यावर जाते. पाण्याचा उपयोग होतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणूनच तुमच्या भावाच्या बोलण्यातलं अर्धं मला पटतं. "मोकळी होतात" हे खरं आहे. "बदलून येतात" हे नाही. सात दिवसांनी घरी येतं ते तेच पोर असतं, त्याच खोलीत, त्याच दहावीत. पुढे काय टिकतं ते घरी आल्यावर दर आठवड्याला काय होतं त्यावर ठरतं.

पण पाण्याच्या आधी एक गोष्ट. आठ-नऊ महिने हा काळ थोडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वयातल्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो, तेव्हा "वयच तसं आहे" म्हणून सोडून देऊ नका. झोप पूर्ण बिघडलीय का, जेवण कमी झालंय का, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्यात का, हातावर-मांडीवर कापल्याच्या खुणा दिसतात का, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललाय का, हे बघा. त्याला सरळ विचारलं तरी चालतं, "जीव नकोसा वाटतो का रे कधी?" असं. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तसले विचार शिरत नाहीत, उलट बहुतेक मुलांना कोणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर हो आलं किंवा तुम्हाला नुसती शंका आली तरी नदी आणि कॅम्प दोन्ही बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं, तुम्ही आई म्हणूनसुद्धा फोन करू शकता. अशा अवस्थेतल्या मुलाला मी स्वतः पाण्याच्या काठावर नेत नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबते.

तसं काही नसेल तर पुढचं वाचा.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पुराची ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीय. तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा असेल. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ४५ फुटाला धोक्याची पातळी असते. सांगलीतल्या त्या वयाच्या मुलांना हे आकडे पाढ्यासारखे पाठ आहेत, जुलै लागला की घरात मोठी माणसं "किती फूट झालं?" एवढंच बोलत असतात आणि पोरं ऐकत असतात. दोन वर्षांनी २०२१ ला परत पूर आला. म्हणजे ज्या नदीत तो हसत सूर मारायचा तीच रात्री घरात आली, सामान गेलं, शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर पाहुण्यांकडे राहायला लागलं, आणि परत येऊन चिखल काढताना आईबाप रडताना दिसले. लोक म्हणतात पाण्याने मन शांत होतं, पण ज्याने हे बघितलंय त्याच्यासाठी ते पहिल्या दिवसापासून शांत असेलच असं नाही.

हे मी माझ्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एकदम बावीस मुलांना समुद्रावर नेलं होतं, मोठी माणसं तिघंच. शिरोळ भागातला एक तेरा वर्षांचा मुलगा काठावरच थांबला होता, सगळे आत खेळताहेत आणि हा एकटा राहिलाय म्हणून मी त्याचा हात धरून "अरे काही होत नाही, ये" करत गुडघाभर पाण्यात नेलं. लाट आली, पायाखालची वाळू सरकली आणि त्याला जे काही झालं ते मी विसरले नाही. श्वास लागला, ओठ पांढरे, माझ्या मनगटात त्याची नखं रुतलेली, आणि तो सारखा "आजीला वर न्या, आजीला वर न्या" म्हणत होता. तेव्हा कळलं की २००५ च्या पुरात त्याच्या आजीला माळ्यावर चढवून ठेवलं होतं. आम्ही हे आधी विचारलंच नव्हतं. त्यानंतर पुढची दोन वर्षं तो पोरगा पाण्याजवळ आला नाही आणि त्याचा दोष माझाच आहे. तेव्हापासून नियम केला, एका मोठ्या माणसामागे जास्तीत जास्त चार मुलं, आणि पाण्यात किती जायचं, कधी थांबायचं हे मूल ठरवणार. मी हात पुढे करणार, ओढणार नाही.

आता पाणी नेमकं करतं काय, कारण हे कळलं तर घरच्या घरीही बरंच जमतं. मला अनुभवात सगळ्यात मोठी दिसलेली गोष्ट म्हणजे पाण्याजवळ दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात, समोरासमोर नाही. केबिनमध्ये पंधरा वर्षांचा मुलगा माझ्यासमोर खुर्चीत बसला की त्याला वाटतं आता परीक्षा. रंकाळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं पाण्याकडे बघत बसतो, गप्प बसलो तरी ते अवघड वाटत नाही कारण बघायला काहीतरी आहे, बगळा आहे, वाऱ्याने पाण्यावर उठलेली शिरशिरी आहे, कुणीतरी गळ टाकून बसलंय. लक्ष हलकंच गुंतून राहतं, त्यासाठी जोर लावावा लागत नाही, आणि दिवसभर पुस्तक नि मोबाईलला जुंपलेल्या डोक्याला तेवढी सुट्टी मिळते. मग वीस-पंचवीस मिनिटांनी कधीतरी एक वाक्य येतं. "मॅडम, मला ना शाळेत सगळे..." असं अर्धंच. अशा वेळी मान वळवून त्याच्याकडे बघायचं नाही, पाण्याकडेच बघत "हं" म्हणायचं. तेवढ्याने पुढचं अर्धं येतं.

दुसरं शरीराचं. तोंडावर थंड पाणी पडलं आणि श्वास रोखला की हृदयाचे ठोके मंदावतात, ही आपल्या शरीरातली उपजत गोष्ट आहे. आपल्या आज्या कुणी घाबरलं की "तोंडावर पाणी मार" म्हणायच्या ते उगीच नाही. धडधड वाढली की थंड पाण्याच्या भांड्यात चेहरा पंधरा-वीस सेकंद बुडवायचा, हे मी मुलांना घरी करायलाही शिकवते (हृदयाचा काही त्रास असेल किंवा जेवण टाकून वजन फार उतरलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही). पोहताना श्वास आपोआप लयीत येतो, पटकन आत आणि लांब बाहेर, आणि लांब सोडलेला श्वास शरीराला सांगतो की आता धोका नाही. शिवाय उताणं तरंगायचं असेल तर अंग सैल सोडावंच लागतं, ताठ झालं की बुडायला होतं. सतत काळजी करणाऱ्या मुलाला "रिलॅक्स हो" सांगून काही होत नाही, तरंगायला लागल्यावर त्याला पहिल्यांदा कळतं की सैल सोडणं म्हणजे काय. आणि साधीच पण मोठी गोष्ट, पाण्यात मोबाईल नेता येत नाही.

बाहेरच्या देशांत यावर रीतसर काम चाललंय. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला २०१० मध्ये 'द वेव्ह प्रोजेक्ट' सुरू झाला, तिथे चिंता-नैराश्य असलेल्या मुलांना सर्फिंग शिकवतात. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला 'वेव्हज फॉर चेंज' आहे, हिंसाचाराच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी. मला त्यांच्या कामातली आवडलेली गोष्ट सर्फबोर्ड नाही, तर दर आठवड्याला भेटणारे, त्याच वस्त्यांमधून आलेले तरुण कोच. या विषयावरचे बरेचसे अभ्यास छोट्या ग्रुपवर आणि थोड्या काळाचे आहेत, त्यामुळे पाणी हेच औषध असं कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. उपचार चालू असतील, गोळ्या असतील तर त्या चालूच ठेवायच्या, पाणी त्यांच्या सोबतीला.

तर तुमच्यासाठी माझं मत, आधी नदी, कॅम्पचं नंतर बघू. आणि नदी म्हणजे लगेच पोहणं नाही. हरिपूरला संगमावर जा. कृष्णा-वारणा मिळतात तिथे, संगमेश्वराच्या देवळाखाली घाट आहे, त्याच्या घरापासून जरा लांबचं ठिकाण म्हणजे पुराची आठवण थेट अंगावर येणार नाही. दिवस ठरवून टाका, समजा रविवारी सकाळी साडेसहा, आणि तो मोडू नका. वरच्या पायरीवर बसा. चहाचा थर्मास न्या. अभ्यास, मार्क, "तुला काय होतंय" यातलं काहीही बोलायचं नाही. पहिले तीन-चार रविवार काहीच घडणार नाही, तुम्हाला वाटेल वेळ वाया चाललाय, तरी जा. चपटे दगड शोधून पाण्यावरून टप्पे खात सोडायचे, कुणाचा जास्त जातो बघायचं, इतकं साधं काहीतरी चालतं. त्याच्या वडिलांना किंवा ज्या काकांबरोबर तो पोहायचा त्यांना न्या, सगळ्यात उत्तम तेच. आईने सारखं त्याच्या चेहऱ्याकडे बघणं या वयातल्या मुलांना झेपत नाही, हे मी आई म्हणूनच सांगते, वाईट वाटून घेऊ नका.

तो आपणहून दोन पायऱ्या खाली उतरेल, पाय बुडवेल. कधी ते सांगता येत नाही, दोन आठवडे लागतील किंवा दोन महिने. पुराबद्दल बोलला तर थांबवू नका आणि "आता कुठे काय, विसर ते" असं तर अजिबात म्हणू नका. "तुला काय आठवतं त्यातलं?" एवढं विचारा. मात्र नदी बघूनच घाम फुटतो, रात्री पुराची स्वप्नं पडून ओरडतो असं असेल तर हे घरी करायचं काम नाही, तिथे प्रशिक्षित माणूस लागतो.

पोहायचं परत सुरू करायचं तर आधी तलावात, म्हणजे स्विमिंग टँकमध्ये, कोच असलेल्या. कृष्णेत थेट नको. एक तर मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात तर माणसांवर हल्ले झालेत, तुम्हाला माहीतच असेल. दुसरं वाळू उपशाचे खड्डे, कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावर पाणी. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या (फळ्या घालून पाणी अडवतात तो) वर किंवा खाली कुठेच उतरायचं नाही, वरून पाणी संथ दिसतं आणि फळ्यांशी ओढ जबरदस्त असते. आणि जून ते सप्टेंबर तर काठापासूनही लांबच, कोयना धरणातून विसर्ग सुटला की इथे पाऊस नसतानाही पाणी चढतं. त्या चार महिन्यांत आम्ही गच्चीवर पावसात भिजतो, नाहीतर टँकमध्ये जातो. फिट येत असतील, दमा असेल किंवा झोप आणणारी गोळी चालू असेल तर पोहण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं.

आता समुद्र. समुद्राच्या मी विरोधात नाही, उलट नदीशी जरा दोस्ती जमल्यावर समुद्र फार काही देतो. एक आमच्या ग्रुपमधलं सांगते. पंधरा वर्षांची मुलगी, वडील वारल्यावर सहा महिने जवळजवळ मुकी झालेली, शाळेत मान हलवून उत्तरं द्यायची. तारकर्लीजवळ सकाळी रापण ओढत होते. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, होडीने समुद्रात मोठं जाळं अर्धगोल टाकतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसं मिळून ओढतात, चांगला दीड-दोन तास. मुलं बघत उभी होती, एक म्हातारी बाई ओरडली, "वड गो चेडवा, वड!" आणि ही पोरगी पुढे होऊन दोराला लागली. ओला काथ्याचा दोर, वाळूने खरखरीत, सगळे एका ठेक्यात मागे रेलतात. मागचा माणूस ओढतो तेव्हा तुमच्या हाताला कळतं आणि तुम्ही सोडलं तर त्याला कळतं. ती शेवटपर्यंत ओढत राहिली. जाळं आलं तेव्हा तळहात लाल झालेले, एक फोड फुटलेला. म्हातारीने तिच्या हातात चार बांगडे ठेवले, ओढणाऱ्याचा वाटा म्हणून. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पांना बांगडा आवडायचा." सहा महिन्यांत वडिलांबद्दलचं तिचं पहिलं वाक्य. त्यानंतर वर्षभर आमची सेशन चालली, कामाचा मोठा भाग तिथेच झाला, पण दार उघडलं ते त्या दोराने.

यात ती पाण्यात उतरलीसुद्धा नव्हती, हे लक्षात घ्या. खाडीत होडीतून जाणं, ओहोटीला कांदळवनाच्या चिखलात निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) नि खेकडे बघत बसणं, हेही तेवढंच काम करतं. काळजी करणाऱ्या मुलांकडून मी आणखी एक करून घेते, भरतीचा हिशोब. कोकणात जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं. मुलं आदल्या रात्री वाळूत काठीने हिशोब मांडतात, खूण करतात आणि दुसऱ्या दिवशी पाणी खुणेजवळ आलं की नाचतात. इतका मोठा, अंगावर येणारा समुद्रसुद्धा वेळ पाळतो, हे ज्या मुलाला सगळंच हाताबाहेर गेल्यासारखं वाटतं त्याला फार धीर देतं. तुमच्या मुलाला तर हे खास उपयोगी पडेल असं मला वाटतं, कारण त्याच्यासाठी पाणी म्हणजे न सांगता आलेली गोष्ट आहे. (पोहायला उतरायचं की नाही हे मात्र स्थानिक मच्छीमार आणि जीवरक्षक सांगतील तसं, नुसत्या गणितावर नाही.)

आणि समुद्राचा धोका हलका घेऊ नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतली १४ मुलं बुडाली. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. किनाऱ्यावरून परत जाणारं पाणी एका पट्ट्यातून जोरात आत ओढतं, तिथे लाटा कमी दिसतात म्हणून नवखी माणसं नेमकी तिथेच उतरतात. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, दमून जातो माणूस. तरंगत राहायचं, हात वर करून हाक मारायची आणि किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या बाहेर यायचं. हे मुलांना वाळूवर झोपवून, हातपाय मारून आधी शिकवावं लागतं.

म्हणून कॅम्पवाल्यांना फोन करून हे विचारा, किती मुलांमागे एक मोठा माणूस आहे, जीवरक्षक त्या किनाऱ्यावरचा आहे का, लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं आहे का, समुपदेशक पूर्ण वेळ सोबत राहणार का नुसता एक दिवस भाषण द्यायला येणार. मूल "मला नाही उतरायचं" म्हणालं तर ते त्या दिवशी काय करतं, हा प्रश्न तर विचाराच, त्याच्या उत्तरावरून मला सगळं कळतं. "आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही, आम्ही भीती घालवतोच" असं उत्तर आलं तर पाठवू नका. मुलांचे फोटो कुठे टाकतात तेही विचारा. या वयात ओल्या कपड्यातला, रडवेला फोटो ग्रुपवर फिरला की मूल महिनोन् महिने परत मिटतं. (मुली असतील तर कपडे बदलायला नीट बंद जागा, पाळीच्या दिवशी उगीच चौकशी न होणं आणि पाण्यात ओढणी नको, घट्ट टी-शर्ट-लेगिंग चालेल, हेही बघायचं. तुम्हाला मुलगा आहे, पण हे उत्तर आणखी कुणी वाचेल म्हणून लिहिलं.) आणि परत आल्यावर पुढे कोण भेटणार, कधी, किती वेळा, याचं उत्तर नसेल तर ती चांगली सहल आहे एवढंच समजा, आणि सहल म्हणून हवी तर दहावीनंतर पाठवा.

शेवटी, तुम्ही लिहिलं नाहीये पण बहुतेक हेच होईल म्हणून सांगते. रविवारी हाक मारली की तो "मी नाही येणार" म्हणेल. वाद घालू नका, "बरं, आम्ही जाऊन येतो" म्हणा आणि खरंच जा. त्याचे काका असतील तर ते, नाहीतर तुम्ही दोघं. येताना त्याच्यासाठी काहीतरी बारीक आणा, एखादा गुळगुळीत दगड, त्याच्या टेबलावर ठेवून द्या, काही बोलू नका. पुढच्या रविवारी परत एकदाच विचारा. माझ्याकडच्या एका मुलाच्या टेबलावर असे सात दगड जमले होते, आठव्या रविवारी तो चप्पल घालून दारात उभा होता. महिना-दीड महिना जाऊन बघा आणि काय झालं ते इथे कळवा, काहीच झालं नाही तरी कळवा, मग पुढचं बघू.